कोणती गंगा?

ही घटना मी आजवर अनेकांना सांगितली आहे. नव्याने भरती झालेल्या पोरांना सांगितली, नातेवाइकांत सांगितली, एकदा व्यासपीठावरूनही सांगितली. प्रत्येक वेळी तिच्यातला एक भाग गाळला. एका मास्तरांनी फोन उचलला नाही म्हणून त्यांच्या मित्राचा जीव गेला, असं लातूरपासून उदगीरपर्यंत सगळा बाजार बोलत होता. मास्तरांचा तो फोन तेव्हा माझ्या टेबलाच्या खणात होता, आणि मास्तर माझ्यासमोर बाकावर बसलेले होते. गाळलेला भाग तो हा. मुदतीआधी नोकरी सोडली त्यालाही हेच कारण आहे. घरच्यांना मी गुडघ्यांचं कारण सांगितलं होतं.

मी तेव्हा लातूरच्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. उन्हाळा तोंडावर आला होता. एके सकाळी उदगीरची एक बाई आपल्या भावाबरोबर ठाण्यात आली. तिचा नवरा लातूरच्या बाजारात सोयाबीन आणि करडईचा आडतदार होता. आठवडाभर इकडे, सुट्टीला उदगीरला, असा त्याचा क्रम. हैदराबादला सौद्यासाठी जातो म्हणून तो घरातून निघाला होता. फोन सारखा बंद लागत होता, आणि हैदराबादच्या व्यापाऱ्याने तो आलाच नसल्याचं सांगितलं होतं.

मिसिंग दाखल करताना आम्ही ठरलेले प्रश्न विचारतो. भांडण, व्यसन, आजार, बाहेर काही. बाई सगळ्याला नाही म्हणाली. मग म्हणाली, "साहेब, गेल्या वर्षापासून चालायचं लई वेड लागलंय त्यांना. पहाटे पाठीवर तुरीच्या डाळीचं पोतं बांधून चालतेत. लोक हसतेत. मी बी हसले."

मी ते लिहूनही घेतलं नाही.

त्याच दुपारी बाजारातला माझा खबऱ्या आला. हा माणूस चहाच्या टपरीवर दिवसभर बसून असायचा आणि त्याची खबर सहसा खोटी निघत नसे. "साहेब, त्याचा दोस्त हाय एक. क्लासमधला बायलॉजीचा सर. दोघांची टपरीवर लई जुंपली. सर त्याला म्हणला, गेलास तर मेलास समज. म्या माझ्या कानानं ऐकलं. आन महिन्याखाली दोघंबी जीपमध्ये फावडं, टिकाव आन दोरखंड घालून कुठंतरी गेलते."

फावडं, टिकाव, दोरखंड आणि धमकी. आमच्या धंद्यात एवढं हाती लागलं की पुढचं चित्र आपोआप तयार होतं. माझंही झालं.

सरांना मी फोन केला. "दोन मिनिटं येऊन जा, सर. थोडी माहिती पाहिजे." ते संध्याकाळी क्लास सोडून स्वतःच्या स्कूटरवर आले. बारीक, चष्मा लावलेला माणूस, शर्टाच्या बाहीवर खडूची पूड. मूळचे हिमायतनगरजवळच्या एका खेड्यातले, लातुरात खोली करून एकटे राहणारे. आल्याची नोंद स्टेशन डायरीत करायला हवी होती. मी म्हणालो, राहू दे, आत्ता जातील.

ते गेले नाहीत. मी जाऊ दिलं नाही.

सुरुवातीला मित्र कुठे आहे ते माहीत नाही म्हणाले. घाबरलेला माणूस आणि लपवणारा माणूस दिसायला सारखेच असतात. मी आवाज चढवला.

"फावडं कशाला नेलं होतं?"

"पुरायला, साहेब."

"काय पुरायला?"

"खायचं."

मी त्यांच्या कानाखाली मारली. चष्मा कोपऱ्यात जाऊन पडला. जबाब लिहून घेणाऱ्या रायटर हवालदाराने तो उचलून पुसला आणि टेबलावर ठेवला.

"खरं सांगून राहिलो साहेब," ते म्हणाले. "पत्र्याचे डबे पुरले आम्ही. सातूचं पीठ, गूळ, शेंगाची चटणी, वाळवलेले धपाटे. सगळं ओझं पाठीवर नेता येत न्हाई. लांब चालायचं हाय. वाटेत गाव न्हाई, दुकान न्हाई."

"कुठं चालायचं?"

ते खाली बघू लागले. मग म्हणाले, "गंगेच्या कडेनं. जंगलातून."

इथे मला माझ्याबद्दल सांगायला हवं. मी नांदेडचा. आमच्या घरात गोदावरी हे नाव फक्त भूगोलाच्या पुस्तकात होतं. बोलण्यात ती गंगा. गंगेवर पोहायला शिकलो, वडिलांच्या अस्थी गंगेत सोडल्या, गंगेला पूर आला की शाळा बंद. गंगेचे दोन्ही काठ मला पाठ होते. तिथे ऊस आहे, केळी आहे, घाट आहेत, वाळूचे ट्रॅक्टर आहेत. जंगल नाही.

"गंगेच्या काठी जंगल?" मी हसलो. रायटरही हसला. "अरे, मी गंगेवरचा हाय. मला जंगल दाखवतो का?"

ते काहीतरी बोलायला गेले. मी पुन्हा हात उचलला, तसे थांबले. त्यानंतर त्यांनी एकच गोष्ट लावून धरली. क्लासमधून येतानाच त्यांच्या फोनची बॅटरी उतरत आली होती. फोन मी काढून खणात टाकला होता.

"साहेब, तेवढा फोन चार्जिंगला लावा. संध्याकाळी फोन येतो."

"कुणाचा?"

नाव ते सांगेनात. का, ते मला नंतर कळलं. ते जंगल म्हणजे अभयारण्य, आणि तिथे शिरायला वनखात्याची परवानगी लागते. यांचा अर्ज अडकून पडला होता आणि मित्र परवानगीशिवायच गेला होता. पोलिसासमोर त्याचं नाव घेतलं तर त्याच्यावर गुन्हा लागेल, अशी त्यांना भीती. मला मात्र वाटलं, साथीदाराचा फोन असणार.

"लावा ना साहेब. लई गरजेचं हाय."

"चार्जिंगला लावायला हे काय तुझं सासर हाय?" मी म्हणालो. सगळं ठाणं हसलं.

खणातच फोन बंद पडला. मी नांदेडच्या ठाण्याला कळवलं, गंगेच्या दोन्ही काठांनी प्रेताचा शोध घ्या. बेपत्ता माणसाच्या फोनचं लोकेशन मागवलं होतं, पण त्याचं उत्तर येण्याआधीच माझं ठरून गेलं होतं. सरांना मी रात्रभर बसवून ठेवलं आणि दुसरा दिवसही तसाच गेला. प्रश्न एकच होता, प्रेत कुठे आहे. ते उत्तर द्यायचे थांबले होते. कोडगेपणा आहे, असं मी सहकाऱ्यांना सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सरांची आई आली. घरमालकाने तिला कळवलं होतं. नऊवारी नेसलेली, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. तिला बघून मी जरा नरमलो. बसा म्हणालो, चहा मागवला.

"लेकरानं काय केलं, साहेब?"

"चौकशी चालू आहे, आई."

"मी कालच येणार होते बगा. पर गंगंला पाणी सोडलं वरच्या धरणातून. पाणी वड्यात शिरलं, वड्यावरचा आमचा कच्चा रपटा बुडाला. ट्रॅक्टरमदी बसून वळसा घालून यावं लागलं."

मला वाटलं म्हातारी गोंधळली आहे. "आई, हिमायतनगरला गंगा कुठून आली? गंगा नांदेडला."

ती इतक्या दुःखातही हसली. "ती तुमची गंगा. आमची गंगा आमच्या पांदीच्या खाली हाय. तुम्ही पैनगंगा म्हणता न्हवं का, ती."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"आणि तिकडे जंगल आहे?"

"न्हाई तर काय! नदी वलांडली की समदं जंगलच. वाघ बी हाय म्हणतेत."

मी उठून आत गेलो. सरांसमोर बसलो आणि पहिल्यांदा नीट विचारलं, "सर, कोणती गंगा?"

त्यांनी मान वर केली. "दोन दिवस काय सांगून राहिलो होतो मी?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. वर्षभर दोघांनी या चालण्याची तयारी केली होती. हिमायतनगरच्या बाजूने नदीत उतरायचं आणि अभयारण्यातून काठाकाठाने किनवटच्या पुढे, माहूरच्या बाजूला निघायचं. वाटेत कित्येक ठिकाणी काठावरून चालताच येत नाही, कडा आणि काटेरी जाळ्या आहेत. तिथे कोरड्या पात्रातून चालायचं. धोका एकच. खालच्या गावांनी मागणी केली की धरणातून पात्रात पाणी सोडतात. पाणी कधी सुटणार हे गावात आधी कळतं, जंगलातल्या माणसाला कळत नाही. ऐन वेळी सरांना क्लासमधून रजा मिळाली नाही. टपरीवरचं भांडण त्यावरून. 'एकटा गेलास तर मेलास समज,' असं ते बोलले होते. खबऱ्याच्या कानात 'एकटा' शिरलाच नव्हता. मित्र ऐकेना, तेव्हा दोघांनी तोड काढली. रोज संध्याकाळी मित्राने रेंज मिळेल अशा टेकडीवर चढून सरांना फोन करायचा. सरांनी आधी गावात विचारून ठेवायचं, पाणी सुटणार का, आणि त्याला सांगायचं. बायकोला फोन करायचा नाही, कारण तो हैदराबादला आहे असं तिला वाटत होतं आणि आवाजावरून तिने ओळखलं असतं.

त्याच्यासाठी पाण्याची खबर ठेवणारा जगात एकच माणूस होता, आणि त्याला मी बाकावर बसवून ठेवलं होतं.

रायटरच्या टेबलावर फोन चार्जिंगला लावला. चालू झाल्यावर सुटलेल्या कॉलचे संदेश एकामागून एक येत गेले. शेवटी मित्राचा एक मेसेज होता. 'फोन लागेना. पाणी नसेल असं धरतो. सकाळी पात्रातून निघतो.'

सरांनी तो वाचला आणि फोन माझ्या हातात दिला. बाहेर त्यांची आई रायटरला भाकरी खाण्याचा आग्रह करत होती.

हिमायतनगरचं ठाणं, वनखात्याची माणसं आणि मासेमारी करणारे भोई, सगळे नदीत उतरले. आडतदार दुसऱ्या दिवशी सापडला. एका वळणावर, पाण्यात झुकलेल्या करंजाच्या मुळांत अडकलेला. पाठीवरची पिशवी तशीच होती. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग होतं.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली. कागद मीच तयार केले. 'मयताच्या मित्राचा मोबाईल बंद असल्याने संपर्क होऊ शकला नाही.' वाक्य खोटं नव्हतं. सरांना चौकशीला बोलावल्याची नोंद मात्र मी तिसऱ्या दिवशीची दाखवली. दोन रात्री विनानोंद बसवून ठेवल्याचं उघड झालं असतं तर मी निलंबित झालो असतो. मुलगी बारावीला होती. अशी कारणं माणसाला लगेच सापडतात.

उदगीरला त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे त्याला बसवून समाधी दिली. मी साध्या कपड्यांत लांब उभा होतो. सर आले, तशी त्याची बायको सगळ्यांदेखत म्हणाली, "फोन उचलायला काय झालं होतं तुम्हाला? त्यांचा जीव गेला तुमच्या भरवशावर!" सर म्हणाले, "वहिनी, मी ठाण्यात होतो." तिचा भाऊ पुढे झाला. "कागद बघितलेत आम्ही. तुला बोलावलं कधी अन् फोन बंद कधी!" त्याने सरांना मुठीने मागे ढकललं. गर्दीवरून सरांची नजर माझ्याकडे आली. मी चपला घातल्या आणि गाडीकडे चालू लागलो.

पुढे क्लासने त्यांना काढलं. ते गावाकडे गेले.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं मला विचारतात. चौकशीच्या खोलीत पोलीस ऐकतो ते माणूस कुठे अडकतो हे बघायला. तो काय सांगतोय हे ऐकायचं राहून जातं. आणि जो शब्द आपण लहानपणापासून वापरतो, तो समोरच्याच्या तोंडून आला की आपण खुलासा विचारत नाही. अनोळखी शब्द असता तर मी विचारलं असतं. गंगा माझी होती, म्हणून विचारलं नाही. हे मी पोरांना शिकवत आलो. एवढं शिकवायला धीर लागत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी हिमायतनगरला गेलो. सर एका लहान शाळेत शिकवतात. केस पांढरे झालेत. मी व्हरांड्यात उभ्या उभ्या हात जोडून झालेलं सगळं बोलू लागलो. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली.

"मला काय सांगता साहेब," ते म्हणाले. "मला तर माहीतच हाय. तिला माहीत न्हाई."

दोघे मिळून उदगीरला गेलो. एसटीत ते खिडकीशी बसले, मी शेजारी. वाटेत त्यांनी एकदाच विचारलं, पाणी पिणार का.

आडत उदगीरला हलवून आता ती बाईच चालवते. आम्ही पोचलो तेव्हा मोंढ्यातल्या तिच्या दुकानात करडईचा ढीग पडला होता आणि ती मूठभर दाणे तळहातावर घेऊन बघत होती. सरांना पाहून तिने दाणे खाली टाकले. "हे कशाला आलेत?"

सर दाराशीच थांबले. मी आत गेलो.

"ताई, मी लातूरच्या ठाण्यातला तो अधिकारी. तुमचे मालक फोन करत होते तेव्हा सर माझ्या ताब्यात होते. त्याच संध्याकाळपासून. मी त्यांना मारलं, आणि कागदावर तारीख खोटी लिहिली. फोन चार्जिंगला लावा म्हणून ते हात जोडून सांगत होते. मी लावला नाही, वर त्यांना हसलो. तुमच्या माणसाला पाण्याची खबर मिळाली नाही ती माझ्यामुळे. सरांनी त्यांना सोडलं नव्हतं. हे मी लेखी द्यायला तयार आहे, जिथे सांगाल तिथे. मला माफ करा. आणि सर, तुमच्यासमोर, यांच्यासमोर म्हणतो, तुम्ही पहिल्या शब्दापासून खरं सांगत होता. मला माफ करा."