डावी बाजू

निशिगंधाचं माहेर जिते आणि सासर रोह्याला लागून असलेलं वरसे. मधला रस्ता तिनं लग्नापासून एसटीनं, टमटमनं, नाहीतर हरेशच्या मोटरसायकलवर मागे बसून पार केला होता. घरी ब्लाउज शिवायचे, सासूचे गुडघे चोळायचे, मुलीचं, पूजाचं, कॉलेज बघायचं आणि सणावाराला माहेरी एक चक्कर टाकायची, एवढंच तिचं जग. मोठी गाडी घ्यायचा हट्ट मात्र तिचाच होता. सासूला, हौसाबाईंना, मोटरसायकलवर पाय टाकता येईना, आणि चौघांनी मिळून कुठं जायचं म्हटलं की दुसऱ्याची गाडी मागावी लागायची. पुढं जे घडलं त्यानंतर हा हट्ट तिला फार टोचला.

हरेश एका कंपनीच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. बोलायला कमी, कामाला चोख. पेणला एक गृहस्थ फरशीचं दुकान बंद करून मुलाकडे पुण्याला निघाले होते, त्यांची सात सीटची डिझेल गाडी विकायची आहे असं कळलं, तेव्हा तो निशिगंधाला घेऊन बघायला गेला. आधी बॉनेटवर हात ठेवून इंजिन गार आहे ना ते पाहिलं. गाडी सुरू करून मागं धुराचा रंग बघितला. मॅट उचलून खाली गंज किंवा पुराच्या गाळाची रेघ दिसते का तेही तपासलं. सगळं स्वच्छ होतं. व्यवहार ठरला. निघताना त्या गृहस्थांची बायको फाटकाशी आली आणि गाडीवरून हात फिरवत म्हणाली, "आम्ही हिला एक ओरखडा येऊ दिला नाय हो. जपा."

पंधरवड्याच्या आतच पहिला ओरखडा आला. घराच्या फाटकातून आत येताना डावा आरसा खांबाला लागून लोंबकळला. "मोठी गाडी हाय, अंदाज येत नाय अजून," हरेश म्हणाला. निशिगंधालाही ते पटलं. मग देवळाच्या कुंपणाला मागचं दार घासलं. मग बाजारात उभ्या हातगाडीला पुढचा बंपर लागला आणि केळी रस्ताभर झाली. दर वेळी गाडी रोह्याला नितेशच्या गॅरेजात जायची. नितेश ऑइल बदलायचा, फिल्टर बघायचा, ब्रेक तपासायचा आणि म्हणायचा, "हरेशदादा, गाडी आतून एकदम ठणठणीत. बाहेरूनच का मार खाते ते कळत नाय." पत्रा ठोकून, रंग मारून गाडी परत यायची, आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच कुठंतरी पुन्हा लागायची.

मग कुत्रा गेला. शेजारचाच, सगळ्यांच्या पायात घोटाळणारा. दुपारी गाडी दारात वळवताना एक आवाज झाला आणि थांबला. हरेश खाली उतरून बराच वेळ चाकाशी उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. कुत्र्याच्या जिवासाठी माणूस एवढा घाबरत नाही, असं निशिगंधाला वाटून गेलं. तिनं बादलीभर पाणी आणून चाकावर ओतलं.

हौसाबाईंनी मात्र सरळ गाडीला दोष दिला. "गो निशे, ही गाडी घातकी हाय. त्या पेणवाल्यांनी कायतरी लपवलाय. हिच्यात कोणतरी मेला असंल." त्यांनी नारळ-लिंबू उतरवून तिठ्यावर टाकायला लावलं. कधी देवळाची पायरी न चढणारा हरेश निमूटपणे गाडीपुढं हात जोडून उभा राहिला. निशिगंधाला त्याचं नवल वाटलं. जेवताना तोही म्हणायला लागला, "गाडीच तशी हाय." हे म्हणताना त्याच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं.

थंडीत जित्याला तिच्या भाच्याचा साखरपुडा होता. सकाळी लवकरच निघाले. सासू आणि पूजा मागे, निशिगंधा पुढे हरेशच्या डाव्या हाताला. भिसे खिंड उतरून नागोठण्याकडे रस्ता सरळ झाला. दोन्ही बाजूंना वालाची शेतं, ऊन लख्ख पडलेलं. लांबवर रस्त्याच्या कडेनं एक बाई डोक्यावर वालाच्या शेंगांचं गाठोडं घेऊन चालली होती. निशिगंधानं तिला पाहिलं. लाल लुगडं, पांढरं गाठोडं. गाडी जवळ येत गेली. हरेश गाडी उजवीकडे घेईल, हॉर्न देईल, असं तिला वाटत राहिलं. तो पूजाला काहीतरी सांगत होता. गाडी सरळच जात होती.

"अवो!" ती किंचाळली आणि स्टिअरिंगला झोंबली.

आरसा गाठोड्याला लागला. शेंगा काचेवर उधळल्या आणि बाई कोरड्या चरात कोसळली.

तिचं नाव बायजाबाई. हात कोपरातून मोडला होता, कपाळाला खोक पडली होती, पण शुद्धीवर होती. तिघांनी मिळून तिला गाडीत घेतलं आणि नागोठण्याच्या दवाखान्यात नेलं. वाटेत ती शिव्या देत नव्हती, रडतही नव्हती. हरेशच्या पाठीकडे बघत एवढंच पुनःपुन्हा म्हणत होती, "मी तं कडंनीच चालले व्हते रं बाबा. मी तुला दिसले नाय?"

 पोलिसात जबाब झाला, बायजाबाईचा मुलगा आला, साखरपुडा राहूनच गेला. घरी आल्यावर हौसाबाई म्हणाल्या, "इका ती गाडी." हरेश म्हणाला, "व्हय, इकूनच टाकू." आणि निशिगंधाच्या मनात तेव्हा पहिल्यांदा आलं की गाडी विकली तर हा दुसरी घेईल, आणि तीही घातकीच निघेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी हरेश पडवीत जेवायला बसला. ती त्याच्या डाव्या अंगाला, थोडी मागे बसली. हातात स्टीलचा तांब्या घेतला आणि हात लांबवून हळूहळू पुढं आणायला लागली. तो भात कालवत होता. तांब्या त्याच्या खांद्यापाशी आला. कानापाशी आला. ऊन तांब्यावर चमकत होतं आणि तो खात होता. तांब्या गालाच्या पुढं आला तरी त्याची पापणी हलली नाही. अगदी नाकासमोर आल्यावर तो दचकला आणि त्याच्या हातातला घास खाली पडला.

"काय करतेस?"

"पाणी देतेय," ती म्हणाली. मग उठून उजवीकडे गेली आणि तसाच तांब्या धरला. खांद्यापासून पुढं येताच त्याची नजर वळली.

तिनं तांब्या खाली ठेवला. गाडीत ती बसायची ती जागा, तिचा खांदा, तिचा चेहरा, त्याला दिसतच नव्हता. ती बोलायची म्हणून ती तिथं आहे हे त्याला कळत होतं.

तिनं गाडीची किल्ली शिलाई मशीनच्या खणात टाकली आणि खणाला कुलूप लावलं. संध्याकाळी शिफ्टला जाताना हरेशनं किल्ली मागितली.

"नाय देणार. तुम्हाला डावीकडचं दिसत नाय."

तो भडकला. कधी आवाज न चढवणारा माणूस शेजारी ऐकतील एवढा ओरडला. कोण म्हणतं दिसत नाही, एवढी वर्षं गोदामात काय झोपून गाडी चालवतो का, बायकांनी शहाणपण शिकवू नये. ती दारात उभीच राहिली. ओरडून दमल्यावर तो ओट्यावर बसला.

"कंपनीत कळला तर काढतील," तो खालच्या आवाजात म्हणाला. "गेल्या महिन्यात रॅकला धक्का लागला माझ्याकडून. ड्रम पडले. त्याच्या जरा आधी तिथं एक पोरगा उभा व्हता. चहा प्यायला गेला म्हणून वाचला."

"आणि तुम्ही रोज जाता?"

"मना वाटला, दमल्यामुळं होतंय. मग गाडीचा दोष म्हणाली आई, तर... बरा वाटला गो."

त्या संध्याकाळी तो शिफ्टला गेला नाही.

पनवेलच्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्याला एका यंत्रापुढं बसवलं. आत प्रकाशाचे ठिपके चमकतात, ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. खोलीत अंधार होता. निशिगंधा कोपऱ्यात स्टुलावर बसून ऐकत होती. टक, टक, टक. मग आवाज थांबला. यंत्र घुरघुरत होतं, म्हणजे ठिपके येत होते. हरेश शांत बसला होता, बटण दाबायला तयार, आणि काहीच येत नाही असं समजून वाट बघत होता. ती शांतता तिला ऐकवेना. पुन्हा एकदा टक झालं, आणि पुन्हा लांबलचक काही नाही.

काचबिंदू. डाव्या डोळ्यात खूप, उजव्यात थोडा. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायची तर औषधाचे थेंब एक दिवसही चुकवायचे नाहीत. मग विचारलं, "घरात अजून कुणाला? हा आजार रक्तातून येतो."

हा प्रश्न घरी आल्यावर तिनं सासूला विचारला. हौसाबाई पाय चोळत होत्या, त्यांचा हात थांबला. सासरे, गुणाजी, निशिगंधा लग्न होऊन येण्याआधीच गेले होते.

"शेवटी शेवटी भिंतीला हात लावून चालायचे," त्या म्हणाल्या. "ताटातला सांडायचे. मी ओरडायची, बघून खावा की म्हणून. म्हातारपण समजले गो. डोळे असतील असा कोणाला सुचला?" आणि लिंबू-नारळानं न भागलेलं त्यांचं भय तेव्हा एकदम घरात येऊन बसल्यासारखं झालं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

हरेशनं साहेबांना खरं सांगितलं. त्यांनी त्याला काढलं नाही, स्टोअरच्या खिडकीवर बसवलं. पगार उतरला आणि त्याहून जास्त तो उतरला. गाडी विकायची की ठेवायची यावर घरात बोलणं झालं, तेव्हा निशिगंधा म्हणाली, "पनवेलला सारखा जायचाय. मी शिकते." पूजा हसली, हौसाबाईंनी कपाळाला हात लावला. पण ती शिकली. चढावर गाडी बंद पडायची, मागचे लोक हॉर्न मारायचे, घाम मानेवरून पाठीत उतरायचा. पेणच्या आरटीओत पहिल्या खेपेला नापास झाली, दुसऱ्या खेपेला लायसन घेऊन आली. टायर, कूलंट, बॅटरीचं पाणी हे हरेश तिला हाताला धरून दाखवायचा. त्याच्याजवळ देण्यासारखं तेवढंच राहिलं होतं आणि तो ते मन लावून द्यायचा.

पूजाचे डोळे तपासले. आत्ता ठीक आहेत, दर वर्षी दाखवा, असं डॉक्टर म्हणाले. 'आत्ता' हा शब्द निशिगंधाच्या डोक्यात घरी येईपर्यंत घोळत राहिला.

राहिला निकेश, हरेशचा धाकटा भाऊ. तो पेणला राहायचा आणि शाळेच्या पोरांची व्हॅन चालवायचा. डोळे दाखवून घे म्हणून हरेशनं दोनदा फोन केला. निकेश हसला. "दादा, मना लांबची पाटी वाचता येते. माझा काय बघायचाय?"

तिसरा फोन निशिगंधानं केला नाही. एका सकाळी ती हरेशला घेऊन पेणला गेली आणि निकेशच्या बोळाच्या तोंडाशी गाडी आडवी लावली. व्हॅन आत अडकली. निकेश धावत आला.

"वैनी, येडी झालीस काय? पोरं वाट बघतायत!"

"आज दुसरा कोणतरी नेईल पोरांना. तू बस गाडीत."

"गाडी काढ आधी."

"तुझ्या बापाला दिसत नव्हता, तुझ्या दादाला दिसत नव्हता, आणि दोघांनाही ते ठाऊक नव्हता," ती म्हणाली. हरेश शेजारी बसून पुढं बघत होता. निकेश त्याच्या खिडकीशी उभा राहून बोलत होता आणि हरेशनं मान पूर्ण वळवेपर्यंत त्याला भाऊ दिसला नाही. ते निकेशनं पाहिलं. तो मागचं दार उघडून बसला.

पनवेलला कळलं, त्याच्याही डोळ्यात सुरुवात होती. अगदी सुरुवात. सध्या गाडी चालवू शकता, डॉक्टर म्हणाले, पण औषध घ्या आणि दर तीन महिन्यांनी या. निकेशनं तेवढं 'चालवू शकता' ऐकलं.

गेल्या आठवड्यात निशिगंधा माहेरी जाताना त्याच्याकडे थांबली. निकेश दाढी करत होता. ती त्याच्या बायकोला म्हणाली, "औषधाची बाटली दाखव गो." बायकोनं कपाटातून आणून दिली. निशिगंधानं ती खिडकीच्या उजेडात धरली. झाकणाचं सील तसंच होतं.

तिनं सील फोडलं, निकेशला खुर्चीत बसवलं, त्याची हनुवटी वर केली आणि एकेका डोळ्यात थेंब सोडला. तो डोळे मिटून बसला. बाहेर व्हॅनमध्ये शेजारची दोन पोरं येऊन बसली होती आणि त्यातलं एक सारखं हॉर्न दाबत होतं.