वाट देणारा तांडेलचाचा

तांडेलचाचाइतका दुसऱ्याला वाट देणारा माणूस मी उभ्या वऱ्हाडात पाहिला नाही, आणि वाटेवरून इतकी भांडणं करणाराही दुसरा पाहिला नाही. दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता आणि आमच्या काळ्या मातीतलं बोंड एकाएकी भाव खाऊ लागलं होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी तेव्हा अकोल्याच्या एका अडत्याकडे कारकून होतो. आठवड्यातून दोनदा पूर्णा ओलांडून अकोटकडच्या गावांत कापूस पाहायला जावं लागे. पावसाळ्यापासून कार्तिकापर्यंत घाटावर पाणी असे, आणि त्या पाण्यात चाचाचा लहानसा डोंगा चाले. आठ माणसं आणि एक बकरी, एवढंच त्याचं बळ.

चाचा मूळचा इथलाच, पण जवानीत मुंबईला पळून गेला आणि वीस वर्षं जहाजांवर खलाशी म्हणून राबला. त्याचा बाप म्हातारपणी अंथरुणाला खिळला तेव्हा तो परत आला. येताना त्यानं एक निळा कोट, दुखरा गुडघा आणि समुद्रावरचे सगळे नियम बरोबर आणले. तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, तो कधीच नव्हता. जहाजावर दोर ओढण्यापलीकडे त्याची मजल गेली नव्हती. पण पूर्णेकाठी समुद्र कोणी पाहिलेला? लोकांनी त्याला तांडेल केलं आणि त्यानं ते पद नम्रपणे स्वीकारलं.

समोरासमोर आलात तर दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं, हा त्याचा पहिला नियम. तो त्यानं पाण्यापुरता ठेवला असता तर कोणाचं काही म्हणणं नव्हतं. पण गावच्या बोळात, मशिदीच्या पायऱ्यांवर, अकोल्याच्या बाजारात, जिथं म्हणून समोरून माणूस येई तिथं चाचा काटकोनात उजवीकडे वळे. बाकीचं वऱ्हाड हवं तसं चालत असल्यामुळे तो दिवसातून पाचसहा जणांवर आदळे आणि प्रत्येकाला शांतपणे समजावून सांगे. एकदा अरुंद गल्लीत घोड्यावरचे मामलेदार समोर आले. चाचानं सलाम केला आणि म्हणाला, "हुजूर, उजवीकडून." मामलेदार काही बोलायच्या आत घोडा मुकाट्यानं उजवीकडे झाला. त्यानंतर चाचा त्या घोड्याची फार तारीफ करी. घरात मात्र त्याचं चालत नसे. चुलीपुढच्या दारात त्यानं चाचीला हा नियम सांगितला तेव्हा ती म्हणाली, "माह्या हातात तवा हाय अन् तो गरम हाय. आता सांगा, कोनं वळाचं?"

चाचीच्या या प्रश्नातच चाचाचा दुसरा नियम होता, आणि तो त्याला जास्त प्रिय होता. ज्याला सहज वळता येतं, त्यानं ज्याला वळता येत नाही त्याला वाट द्यायची. डोक्यावर दोन घागरी घेतलेली बाई दिसली की चाचा चिखलात उतरून उभा राही. गाभण म्हशीला तर तो बांधावर चढून वाट देई. "मोठा-लहान काही नसते, कारकूनभाऊ," तो मला म्हणे. "कोनाले वळता येते अन् कोनाले नाही, येवढंच पाहाचं असते."

भांडण होतं ते गणपत भोयाशी. घाटावर ठेकेदाराची जोडनाव होती. दोन मोठ्या नावा शेजारी बांधून वर फळ्या ठोकलेल्या. तिच्यावर कापसाच्या भरल्या गाड्या बैलांसकट अकोल्याच्या काठाला यायच्या. तिचा म्होरक्या गणपत. भरली जोडनाव आली की चाचा न चुकता बाजूला होई. पण बाजूला होता होता ओरडे, "गणपत, तू मोठा म्हून वाट नाही देऊन राहिलो. तुले वळता येत नाही म्हून देऊन राहिलो." आणि जोडनाव गाड्या उतरवून रिकामी परत निघाली, आणि चाचाचा डोंगा भरलेला असला, की चाचा तसूभर हटत नसे. आता वाट त्याची. गणपतला हे पटत नव्हतं. "भरेल असो का रिकामी, नाव मोठी ते मोठीच," तो म्हणे. या एका मुद्द्यावर दोघं दोन वर्षं एकमेकांशी ओरडण्यापलीकडे बोलत नव्हते.

एका आश्विनात मी अकोटकडून परत येत होतो. डोंग्यात मी, चार कापूस वेचणाऱ्या बाया, एक कासारीण तिच्या बांगड्यांच्या टोपलीसह, आणि एक म्हातारा. रात्री मेळघाटात पाऊस झाला असावा. मध्यावर आलो तोच पाणी गढूळ झालं आणि चढू लागलं. वरच्या अंगानं रिकामी जोडनाव आमच्यावर येत होती.

"वाट माही हाय," चाचा आम्हाला म्हणाला आणि वल्हं मारत राहिला. मग त्यानं हाक दिली, "गणपत, वळ."

गणपतनं दोन्ही हात वर केले. हात रिकामे होते. त्याचा नाव रेटायचा बांबू पाण्यानं हिसकावून नेला होता आणि नावेवरच्या गड्याचा दुसरा तळाला पोचत नव्हता. जोडनाव आडवी होऊन, भिंतीसारखी, सरळ आमच्याकडे येत होती. म्हातारा देवाचं नाव घेऊ लागला.

चाचानं एक क्षणही वाद घातला नाही. त्यानं डोंगा प्रवाहात सोडला आणि तिरका काढत काठच्या बाभळींत घुसवला. काटे आमच्या अंगावरून ओरबाडत गेले, त्याचा निळा कोट पाठीवर उभा फाटला. डोंगा थांबताच त्यानं दोराचं एक टोक बाभळीच्या बुंध्याला आवळलं, आणि जोडनाव हातभर अंतरावरून जाताना दुसरं टोक गणपतकडे फेकलं. गणपतनं ते पकडून खुंट्याला गुंडाळलं. बाभूळ मुळापासून करकरली, पण टिकली. जोडनाव गर्रकन फिरून काठाला लागली.

चाचानं आधी कासारणीला विचारलं, "किती फुटल्या?" तिनं टोपली चाचपली. एकही नाही.

गणपत चिखलातून चालत आला. मग म्हणाला, "चाचा, वाट तं तुही होती."

"होतीच," चाचा पाठीतला काटा काढत म्हणाला. "पन वाट माही होती हे सांगाले मानूस जिता लागते ना बाप्पा."

त्या दिवसापासून रिकामी जोडनाव आमच्या भरल्या डोंग्याला वाट देऊ लागली. आणि मिळालेली वाट नाकारता येत नाही म्हणून चाचा दर वेळी उठून सलाम करी, त्यात डोंगा इतका डोले की माणसं भिजत.

पुढं लढाई संपली, भाव उतरला, घाटावरच्या गाड्या ओसरल्या. ठेकेदारानं जोडनाव सोडवून फळ्या विकल्या आणि गणपत लेकीकडे चांदुराला गेला. मला अमरावतीला काम लागलं. निघताना मी शेवटचा डोंग्यात बसलो तेव्हा कार्तिकातलं ऊन होतं आणि पाणी आरशासारखं स्वच्छ. चाचा गप्प वल्हवत होता. एरवी अर्ध्या नदीत त्याचे सगळे नियम ऐकून व्हायचे.

"काय झालं, चाचा?" मी विचारलं. "आज बोलून नाही राहिले."

त्यानं दोन्ही काठांकडे पाहिलं.

"काय बोलू?" तो म्हणाला. "समोरून कोनी येऊनच नाही राहिलं."