हुपरीतला बंद पंखा

मे महिन्यात कोल्हापूरला निघाले तेव्हा पर्समध्ये कांदा टाकायला विसरले नाही. आम्ही नागपूरचे लोक उन्हाळ्यात कांद्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही. मिरजेच्या पुढे डब्यातल्या बायका "काय ऊन हो!" म्हणत पदराने वारा घेऊ लागल्या आणि मी मनातल्या मनात हसले. आमच्याकडे याला कुणी ऊन म्हणत नाही. हा तोरा मी दीड दिवस मिरवला.

जाण्याचं कारण गोड होतं. लेकीला मुलगी झाली होती, रविवारी नामकरण होतं, आणि मला नातीच्या पायांत चांदीच्या कामासाठी नावाजलेल्या हुपरीचेच पैंजण हवे होते. तेही दुकानातले नकोत, करणाऱ्याच्या हातून घेतलेले. शाळेतल्या एका मैत्रिणीचं माहेर तिकडचं. तिने पैंजण घडवणाऱ्या तात्यांचा पत्ता दिला.

कोल्हापूरच्या स्टँडवरून हुपरीची बस धरली. दोन्ही बाजूंना ऊस, डोळे निवतील इतका हिरवा. पण खिडकीतून येणारी हवा ओलसर होती. आमच्याकडे घाम आला तसा सुकून जातो. इथे तो अंगावर बसून राहिला. मी रुमालाने मान पुसली आणि विसरून गेले.

तात्यांचं घर एका गल्लीच्या टोकाला, शेवग्याच्या झाडाशी. वर पत्रा, एकच बुटकी कामाची खोली, खिडकी बंद आणि डोक्यावरचा पंखाही बंद. साठीतले तात्या मांडी घालून फुंकणीने (तोंडाने फुंकायची पितळी नळी) दिव्याचा जाळ घुंगरावर धरत होते.

"या पावणं, बसा. नागपूरच्या न्हवं तुमी?"

"हो. पंखा लावता का जरा?"

"पंखा लावला की जाळ हलतोय, आन् चुरा उडतोय. मग आमी काय वारं खायाचं?" तात्या हसले.

चुरा म्हणजे कानशीने घासताना पडलेली चांदीची पूड. दाराशी पाण्याचं मोठं घमेलं होतं. खोलीतून उठणाऱ्याने आधी कपडे झाडायचे, मग त्या घमेल्यात हात धुवायचे. तळाला बसलेली चांदी आक्का, म्हणजे तात्यांची बायको, महिन्याकाठी गाळून काढत. बाजूला भरलेला तांब्या होता, पण तात्या त्याला हात लावत नव्हते.

"प्यालं की उठाय लागतंय. उठलं की झाडा, धुवा. कुणी सांगितलाय तरास?"

मी घाई केली ती इथे. "तात्या, उद्या सकाळी माझी गाडी आहे. आजच द्याल ना?"

"देतो की. नातीचं काम हाय, न्हाय कसं म्हणायचं?"

रोज दुपारी काम थांबायचं, पंखा लागायचा, तात्या जेवून घटकाभर आडवे व्हायचे. त्या दिवशी ते उठलेच नाहीत. आक्कांनी दोनदा हाक मारली. "ह्ये झालं की आलो," एवढंच उत्तर आलं. मी मात्र भाकरी, खर्डा आणि ताक यांवर ताव मारला. थांबा म्हणायला हवं होतं, पण गाडी डोक्यात होती.

जेवून आम्ही दोघी पुन्हा खोलीत गेलो. आक्का पैंजणाकडे बघतच राहिल्या.

"आवो, ह्ये घुंगरू उलटं बसवलंयसा की!"

तात्या खेकसले, "गप बस. मला शिकवतीस व्हय?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "शालू, कवा आलीस गं?"

आक्कांचा चेहरा उतरला. शालू त्यांची नणंद, जाऊन कितीतरी वर्षं झालेली. मी तात्यांच्या कपाळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. अंग पोळत होतं. नागपुरात शाळेच्या मैदानावर असं बरळणारं पोर मी पाहिलं होतं. ऊन लागलं की आधी माणसाचं बोलणं बिघडतं. पण हा माणूस तर सकाळपासून सावलीत बसलेला!

"आक्का, बाहेर काढू यांना. आधी गार करायला हवं."

दोघींनी काखेत हात घालून त्यांना शेवग्याखाली ओढलं, सदरा काढला. नळाला पाणी नव्हतं, कळशी आत स्वयंपाकघरात. आक्कांनी इकडेतिकडे पाहिलं आणि दाराशी धाव घेतली. ते घमेलं उचललं आणि सगळंच्या सगळं तात्यांच्या अंगावर ओतलं.

तात्या पुटपुटले, "अगं, चुरा... हात झाडलं न्हाईत..."

"जाऊ दे ती चांदी! माणूस ऱ्हाऊ दे माजा!"

मी सुपाने वारा घालत राहिले. आक्का कळशी घेऊन आल्या, ओली फडकी मानेला आणि काखेत ठेवली. त्यांनी तांब्या तोंडाला लावला तेव्हा मी त्यांचा हात धरला. शुद्ध हरपत असलेल्या माणसाला पाणी पाजलं तर ठसका लागतो. शेजाऱ्यांनी जीप आणली. वाटभर मी ओला पदर त्यांच्या छातीवर फिरवत होते आणि मनात एकच चाललं होतं, माझ्या हट्टापायी या बाईचं कुंकू जायला नको.

दवाखान्यात बर्फ लावला, सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, "ऊन सावलीतही लागतं, बाई. कोंदट खोली, जाळ आणि पोटात पाणी नाही. तिथेच गार केलंत, ते बरं झालं."

पर्समधला कांदा तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. सकाळची गाडी सोडली. दुसऱ्या दिवशी तात्यांनी डोळे उघडून मला ओळखलं.

"बाई, तुमचं पैंजण ऱ्हायलं की."

मला रडू आवरेना. आक्कांनी माझी पाठ थोपटली. खरं तर ती मी त्यांची थोपटायला हवी होती.

नातीचं नामकरण पैंजणांवाचून, उघड्या पावलांनीच झालं. लेकीने विचारलं, "आई, एवढ्या लांब जाऊन हात हलवत आलीस?" मी सगळं सांगितलं. पर्समधला कांदा मी जपला होता. समोर घामाने भिजलेला माणूस उपाशी काम करत होता, त्याच्याकडे मात्र पाहिलं नव्हतं.

जून सरता सरता पार्सल आलं. आत पैंजण, वाढत्या पावलांच्या बेताने जरा मोठे, आणि आक्कांच्या अक्षरात चार ओळी.

"ताई, आता दुपारचे काम बंद. पंखा चालू असतो. मी तांब्या पुढ्यात ठेवते, रिकामा झाल्याशिवाय उचलत नाही. दिवसातून चार वेळा उठून हात धुतात, कुरकुर करतात. त्यामुळे पैंजणाला उशीर झाला. राग मानू नये."

पत्र उशीजवळ ठेवलं आणि नातीच्या पायांत पैंजण घातले. तिने पाय झाडले. सगळी घुंगरं सुलट होती.