सात बोटांचे ठसे

इकडे ये गं, अशी जवळ बस. या पत्राच्या कागदावर का होईना, बस. बहिणीची लेक म्हणून तुला लाडात वाढवली आणि तू फोनवर मलाच सांगतेस, मावशी, तू एकटी जाऊन ये, काकांच्या हातामुळे व्हिसा अडकेल. असं बोलतात होय? आता सगळं ऐकून घे.

तुझ्या काकांच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं अंबडच्या कारखान्यात, प्रेस मशीनखाली गेली, तेव्हा आता कॅनडात असलेली तुझी ताई पाळण्यात होती. तेव्हापासून हाताला रुमाल. फोटोत रुमाल, कुणाच्या लग्नाला गेले तरी रुमाल. पोटच्या लेकीच्या लग्नात अक्षता टाकल्या त्याही डाव्या हातानं. आता नातू झाला, तिनं दोघांना बोलावलं. तर इंदिरानगरचा व्हिसाचा एजंट म्हणाला, मुंबईला जाऊन हातांच्या बोटांचे ठसे द्यावे लागतील. झालं. घरी येऊन चप्पल काढता काढताच हे म्हणाले, तू जा, मी घर बघतो. नातवाचं तोंड मोबाईलवरच बघायचं ठरवलं होतं त्यांनी. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि मला न बोलणं किती जड जातं ते तुला ठाऊक आहे.

पण माझ्या एकटीच्या अर्जालाही यांच्या जुन्या नोकरीचा दाखला हवा होता, म्हणून अंबडला गेलो. हे आत जुन्या माणसांना भेटायला गेले. मी ऑफिसात बसले, तर तिथल्या सुपरवायझरनं मला तीस वर्षांत न कळलेली गोष्ट सांगितली. नवा कामगार आला की पहिल्या दिवशी हे त्याला मशीनपाशी नेत, रुमाल सोडत आणि हात त्याच्यापुढे धरत. आधी हे बघ, म्हणत, मग मशीनला हात लाव. सांगता सांगता सुपरवायझरनं स्वतःचे दोन्ही पंजे माझ्यापुढे पसरले.

“काकू, ही दहा बोटं आहेत ना, ती काकांमुळे आहेत.”

 परतताना रिक्षात मी यांना विचारलं, मला कधी सांगितलं का नाही? तर म्हणे, त्यात काय सांगायचं. मग मुंबईला तसाच दाखवा की हात, मी म्हटलं. तर हे रिक्षावाल्याला वळण दाखवायला लागले. पण सकाळी बघते तर स्वतःचे कागद माझ्या कागदांबरोबर पिशवीत घातलेले.

आता माझा शहाणपणा ऐक. रेशनच्या दुकानात माझा अंगठा कधी उमटत नाही, म्हणून मी आठ दिवस बोटांना खोबरेल चोळलं. मुंबईच्या व्हिसा ऑफिसच्या खिडकीवर एक नवीन पोरगी होती. माझा नंबर आधी. काचेवर बोटं ठेवली की सगळं तेलाचे फराटे ओढल्यासारखं दिसे. तिनं पुसलं, मी पुसलं, पदराला पुसलं. चौथ्यांदा कुठे घेतलं मशीननं.

मग हे पुढे झाले. पोरगी म्हणाली, चार बोटं ठेवा, आणि तिची नजर रुमालावर गेली. कुणाला विचारावं म्हणून मागे बघायला लागली. मला वाटलं, आता हे माघारी फिरतात. तर यांनी रुमाल सोडला, घडी करून खिशात ठेवला आणि हात सरळ काचेवर.

“घाबरू नको, बाळा. आहेत त्यांचे ठसे घे, नाहीत ती नाहीत म्हणून लिही.”

तो आवाज घरातला नव्हताच गं. अंबडचा असणार. पोरीनं तसंच केलं, आणि यांचे ठसे पहिल्याच झटक्यात उमटले. वर तिला सांगतात कसे, “माझं सात बोटांत भागलं, हिला दहा पुरेनात.” पोरगी हसत सुटली.

दोघांचाही व्हिसा आला. रुमाल आता चष्मा पुसायला असतो. पुढच्या महिन्यात निघू, त्याआधी एकदा ये. चहा हेच करतात हल्ली, कप उजव्या हातानं देतात, थोडा हिंदकळतो, बशी खाली धर म्हणजे झालं. या रविवारीच ये ना.