चार्ज दिल्याशिवाय हात नाही

“मॅम, तुमचे कँडिडेट्स मशीनसमोर नुसते उभे आहेत. हात बांधून. कुणी टचसुद्धा करत नाहीये,” एचआरची मुलगी फोनवर सांगत होती. “सर म्हणतायत, सगळे रिजेक्ट.”

माझं डोकंच फिरलं. बिबवेवाडीच्या आमच्या केंद्रातून रिक्षा पकडली आणि कात्रजच्या पुढे, त्या पॅकिंग कंपनीकडे निघाले.

मी प्रशिक्षक आहे. कारखाना बंद पडून नोकरी गेलेल्या कामगारांना सरकारी अनुदानातून नवं काम शिकवायचं, हा माझा जॉब. अनुदानाची अट अशी की नुसतं शिकवून भागत नाही, माणसं कामाला लागली पाहिजेत. त्याला प्लेसमेंट म्हणतात. ती झाली नाही तर पुढची बॅच मंजूर होत नाही. आमच्या योजनेचे अधिकारी “बघू” असं म्हणतात की पुढे बघण्यासारखं काही उरत नाही.

ही बॅच एका बंद कारखान्याच्या प्रेस शॉपमधली, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या खात्यातली; त्यांना मी पॅकिंग मशीन शिकवलं होतं. सगळ्यांत वयानं मोठे शेलार. मेहुण्यानं त्यांना एका सोसायटीत वॉचमनची नोकरी बघून ठेवली होती, सोमवारपासून. “एकदा ती शिट्टी गळ्यात पडली की संपलं, मॅडम. परत मशीन काही माझ्या नशिबात नाही,” असं ते मला म्हणाले होते. तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. कंपनीत मशीन चालवून दाखवायची ही ट्रायल त्यांचा शेवटचा चान्स होता.

गेटपाशीच सगळे भेटले, माना खाली घालून.

“अहो शेलार, केंद्रात हेच मशीन झोपेतसुद्धा चालवाल असे होतात! इथे काय धाड भरली?”

“मॅडम, चार्जच दिला नाही कुणी. ते साहेब ‘करा सुरू’ म्हणाले अन् लांब जाऊन उभे राहिले. दुसऱ्याच्या मशीनला हात कसा लावायचा?”

घोडं कुठे पेंड खातंय ते आता कळलं. चार्ज देणं म्हणजे शिफ्ट बदलताना मशीन ताब्यात देणं. आधीचा ऑपरेटर सांगणार, काय कुरकुरतंय, काय तापतंय. नवा ते परत बोलून दाखवणार, मगच हात लावणार. त्यांच्या कारखान्यात एकानं चार्ज न घेता बटण दाबलं आणि आत हात घातलेल्या जोडीदाराची बोटं गेली. तेव्हापासून हा नियम त्यांच्या अंगात भिनलाय. केंद्रात मशीन मीच दाखवून ताब्यात द्यायचे, म्हणून हे कधी लक्षातच आलं नाही.

मी तडक प्लँट मॅनेजर गोखल्यांच्या केबिनमध्ये गेले.

“त्यांना आधी चार्ज द्या, मग ट्रायल घ्या.”

“मॅडम, ट्रायल आहे ही. मंगलाष्टकं म्हणू का आता?”

“नको. तुमचा ऑपरेटर तेवढा द्या, अक्षता आम्ही आणल्यात.”

गोखले नाइलाजानं हसले आणि उठले.

ऑपरेटर शेलारांना सांगू लागला. पाकीट चिकटवणारा जबडा आज जरा जास्त तापतोय, डावीकडचा रोल संपत आलाय. शेलारांनी सगळं परत बोलून दाखवलं, लाल बटण दाबून मशीन थांबतंय का ते पाहिलं आणि म्हणाले, “घेतला चार्ज.” मग काय विचारता! पाकिटं सटासट बाहेर पडायला लागली. एकही फुटलं नाही, एकही वाकडं चिकटलं नाही. पाठोपाठ बाकीच्यांनीही बाजी मारली. माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगते, तिथेच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

“बास, बास!” गोखले शेलारांना म्हणाले. “झाली निवड तुमची. सगळ्यांचीच झाली. चला, चहा घेऊ.”

सगळे निघाले. शेलार मात्र जागचे हलेनात.

“अहो, या ना!”

“येतो साहेब,” शेलार म्हणाले. “पण चार्ज कुणाला देऊ?”

गोखल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुढे गेले आणि स्वतः चार्ज घेतला.

पुढची बॅच मंजूर झाली. अधिकारी या वेळी “बघू” म्हणाले नाहीत. आता कामगारांबरोबर मी कंपन्यांनाही थोडं शिकवते: माणूस नापास करण्याआधी मशीन त्याच्या ताब्यात दिलं होतं का, ते बघा. आणि त्या सोसायटीला सोमवारी दुसरा वॉचमन शोधावा लागला.