न्यूरोच्या मॅडम

लकव्याचा पेशंट आला की नातेवाईक आधी एकच विचारत, "बरे होतील ना?" धामणकर नाक्याजवळच्या आमच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये बाकी सगळे "होतील, होतील" म्हणून मोकळे होत. मेंदू-मज्जातंतूंचे पेशंट बघणाऱ्या न्यूरोच्या मॅडम ते कधीच म्हणत नसत. त्या पेशंटकडे वळून विचारत, "घरी कुठलं काम अडतंय?" कुणी शर्टाचं बटण सांगे, कुणी संडासला एकट्याने जाणं. दुसऱ्या दिवसापासून मॅडम तेच करून घ्यायला लागत.

मी नुकतीच पास होऊन तिथे लागले होते. माझ्याकडे गुडघे आणि कंबरा होत्या. ते पेशंट दोन आठवड्यांत हसत जात, पेढे आणत. न्यूरोला जायला कुणीच तयार नव्हतं. माझ्याबरोबरचा एक जण उघड म्हणे, "सहा महिने घासायचं, तेव्हा एक बोट हलणार. त्यात आयुष्य घालवायचं?" मॅडम शांतपणे म्हणत, "बोट हललेलं तू बघितलं नाहीयेस अजून." मी बघितलं होतं. त्यामुळे मास्टर्सला न्यूरोच घ्यायचं, असं मी मनात धरलं होतं.

रफीकचाचा निजामपुऱ्यातल्या यंत्रमागांच्या वस्तीतून येत. आयुष्यभर लूम चालवलेला माणूस, आणि लकव्याने उजवा हातच गेलेला. त्यांचं अडलेलं काम होतं तुटलेल्या धाग्याला गाठ मारणं. मॅडमनी एका कारखान्यातून सूत मागून आणलं. पाच महिने दोघं समोरासमोर बसून त्या धाग्याशी झटत होती. अंगठा आणि पहिलं बोट आत्ता कुठे जवळ यायला लागलं होतं, तेवढ्यात एका दुपारी चाचांनी विचारलं, "मॅडम, सच बताना. लूम पे वापस जा पाऊंगा?"

"लूम पे नहीं, चाचा," मॅडम म्हणाल्या. "घर का काम हो जाएगा."

चाचांनी धागा टेबलावर ठेवला, "शुक्रिया" म्हणाले आणि मुलीच्या खांद्याचा आधार घेत निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, त्यानंतरही नाहीत.

आठवड्याने मॅडम मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या. दाराला कुलूप होतं. लूमच्या आवाजात शेजारीण ओरडूनच बोलली, "वो तो गाँव चले गये. बोले, अब यहाँ क्या रखा है." परतताना रिक्षा बरीच पुढे आल्यावर मॅडम म्हणाल्या, "खोटं बोलायला हवं होतं असं नाही. पण अंगठा नुकताच यायला लागला होता गं. अजून दोन महिने मला 'बघू या' म्हणता आलं असतं."

मास्टर्सचा फॉर्म घेऊन मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांना आनंद होईल असं वाटलं होतं. त्यांनी फॉर्म बघितला आणि म्हणाल्या, "न्यूरो नको घेऊस."

"का?"

"तू माझ्याकडे बघून घेतेयस. असा एक चाचा तुझ्या वाट्याला आला, की माझ्याकडे बघून भागणार नाही."

मी ऑर्थो घेतलं. रागाने घेतलं, असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

शिकून परत आले तोवर मॅडम नोकरी सोडून गणेशपुरीला बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. त्यांच्या जागेवर यायला कुणी मिळालंच नाही.

गेल्या महिन्यात एक बाई नवऱ्याला घेऊन आली. लकव्याने त्याचा खांदा निखळल्यासारखा लोंबत होता. मी मॅडमना फोन लावला. बसताना हात कुठे ठेवतो, झोपताना उशी कशी देतात, कितपत उचलल्यावर दुखतं, असं त्या विचारत राहिल्या आणि मी चाचपडत उत्तरं देत राहिले.

"फोनवरून खांदा कळत नाही गं," त्या म्हणाल्या. "हात लावून बघावा लागतो. तू बघ."

मी कचरले. बाईला ठाण्यातल्या एका सेंटरचा पत्ता लिहून दिला. तिने तो घडी करून पदराला बांधला. ती तिथवर नवऱ्याला नेऊ शकली का, मला माहीत नाही. तिच्या घरचा पत्ता फाईलवर आहे. मी अजून गेलेले नाही.