कणसाचे केस आणि पहिली बाटली

सरांनी मला फसवलं. हे अगोदरच सांगून ठेवतो, कारण पुढं त्यांच्याबद्दल चार चांगली वाक्यं माझ्या हातून निसटतील आणि तुम्ही त्यांचीच बाजू घ्याल. पोती उचलता उचलता मी गारखेड्यात कणसांचा गाळा उभा केला, सिल्लोडच्या मकावाल्यांना भावात घाम फोडला. आणि मला गंडवलं कुणी, तर अख्ख्या मराठवाड्यात ज्याच्याइतकं भोळं गिऱ्हाईक सापडणार नाही अशा माणसानं. मेथीची जुडी घेताना हा गृहस्थ बाईलाच विचारायचा, "एवढ्यात परवडतं का हो तुम्हाला?" आणि वर पैसे ठेवायचा. सर मंडईत शिरले की भाव चढायचा.

सर औषधनिर्माण कॉलेजात शिकवायचे आणि लोकांनी टाकलेलं उचलायचे. माझ्या पुतणीच्या लग्नात सगळे पंगतीला बसले होते आणि सर ज्यूसवाल्याच्या मागं उकिडवे बसून मोसंबीच्या साली पिशवीत भरत होते. नवरदेवाचा मामा मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमच्या पाहुण्याला कुणी वाढलं नाय का?" माझ्याकडं ते कणसाचे केस न्यायला येत. हेल्मेट काढायचं विसरून ओट्यावर मांडी घालत आणि चिमट्यानं एकेक केस उचलून सोनेरी तेवढे उशीच्या अभ्र्यात भरत. केस उकळून अर्क काढायचा, तापाच्या गोळ्या अतोनात पाजून उंदरांचं लिव्हर बिघडवायचं आणि अर्कानं ते वाचतं का बघायचं, हा त्यांचा उद्योग. ज्याला मागणी आहे तो कचरा नसतो, हे मला कळतं. मी म्हणालो, "केस फुकट न्या, पण औषध झालं की पहिली बाटली माझी." सर केसांतून मान वर न करता म्हणाले, "कबूल."

एकदा पेढे घेऊन आले. "शेठ, चार नंबरचं लिव्हर एकदम छान निघालं!"

"वा! मग उंदीर खूश असेल."

सरांचा पेढा हातातच राहिला. "लिव्हर बघायचं म्हणजे उंदीर जातो हो," म्हणाले आणि डोळे पुसायला लागले. हेल्मेटची काच खाली होती, तीच पुसली.

पोत्यांनी माझी कंबर गेलेली, त्यामुळं तापाची तीच गोळी मी दुखण्यावर शेंगदाण्यासारखी खायचो. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, लिव्हरला सूज आहे, गोळ्या बंद. गोळ्या बंद म्हणजे गाळा बंद. मी तडक सरांचं घर गाठलं.

"सर, बाटली काढा."

"अहो शेठ, माणसांवर तपासलेलं नाही ते."

"उंदराला पाजता अन् केस देणाऱ्याला नाय? उंदरानं काय दिलं हो तुम्हाला?"

"जीव दिला," सर म्हणाले.

"सौदा म्हणजे सौदा!" मी ओरडलो.

सरांनी माझ्या खिशातून डोकावणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटाकडं बघितलं. मग म्हणाले, "देतो. पण गोळ्यांची सगळी पाकिटं माझ्याकडं जमा करायची."

"निम्मी."

"सगळी."

"एक तरी खिशात राहू द्या."

"सगळी."

त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस केली आणि तीही माझ्याशी. मी हरलो. रोज सकाळी सर बाटली घेऊन यायचे. आत तपकिरी, गार, कडू पाणी. ते पाजून मला पोत्यावर उताणं झोपवायचे, पाय वर-खाली करायला लावायचे. "अर्क कंबरेत उतरला पाहिजे शेठ!" बघ्यांची गर्दी व्हायची. पण कंबर सैल झाली, पुढं रिपोर्टही चांगला आला. कणसाच्या केसांनी वाचलो, असं मी अख्ख्या गारखेड्यात सांगत सुटलो.

मग सर निवृत्त झाले आणि मुलीकडं नागपूरला निघाले. गाडी सुरू झाल्यावर काच खाली करून म्हणाले, "शेठ, बाटलीत बिनसाखरेचा कोरा चहा होता बरं का. गोळ्या मात्र परत सुरू करू नका." मला शिवी आठवेपर्यंत गाडी चौक ओलांडून गेली होती.

परवा शेळ्यांसाठी पाला न्यायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "शेठ, हे केस बी नेऊ का?" मी इतका खेकसलो की त्या पाला तिथंच टाकून निघाल्या. सोनेरी तेवढे केस निवडून मी अभ्र्यात भरतो. अभ्रा कधीच भरला, आता दुसरा घेतलाय. फोन केला की सर नुसते हसतात. ते चालायचं नाही. ठरलेली पहिली बाटली मला अजून मिळालेली नाही. सरांनी इथं यावं, हेल्मेट घालून माझ्या ओट्यावर बसावं आणि समोरासमोर जाब द्यावा.